सोलापुरातून अमेरिकेत ऑप्टोमेट्री: बी.एस्सी. करतानाच अर्ज कसा उभा करायचा

अर्जाच्या तयारीला तिसऱ्या वर्षाला लागलं तरी बऱ्याच गोष्टी सावरता येतात. परीक्षा देता येते, निबंध लिहिता येतो, शिफारसपत्रं मागता येतात. पहिल्या वर्षाला भरलेला विषयांचा फॉर्म मात्र मागे जाऊन बदलता येत नाही, आणि सोलापुरातल्या मुलांचे अर्ज सर्वांत आधी तिथेच अडकतात. म्हणून हे वाचणारं कुणी अकरावी-बारावीत किंवा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असेल, तर विषयांचा भाग दोनदा वाचा.

आधी रस्ता कोणता ते. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टी तपासून चष्मा-लेन्स देणारे आणि डोळ्यांचे आजार हेरणारे, व्हायला पदवीचं शिक्षण आणि त्यावर चार वर्षांचा ‘डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री’, म्हणजे ओडी, करावा लागतो. शिवाय राष्ट्रीय बोर्डाची तीन भागांची परीक्षा आणि राज्याचा परवाना. आपल्याकडे बारावीनंतर थेट बी.ऑप्टोम, म्हणजे ऑप्टोमेट्रीची पदवी, करता येते. त्यात एक वर्ष इंटर्नशिपचं असतं. ज्यांना पुढे सोलापुरात, पुण्यात किंवा हैदराबादेतच काम करायचं आहे त्यांनी बी.ऑप्टोमच करावं, ओडीचा खर्च अंगावर घेऊ नये. आणि बी.ऑप्टोम झालेल्यांसाठी काही अमेरिकन कॉलेजांत वेगळा, कमी कालावधीचा मार्ग असतो, त्याचे नियम निराळे. इथे विचार केलाय तो साधी बी.एस्सी. करत असलेल्या विद्यार्थ्याचा.

विषय: दोन्ही गट लागतात

संगमेश्वर, दयानंद, वालचंद, कुठल्याही कॉलेजात बी.एस्सी.ला गेलात की विषयांचे गट समोर येतात. रसायन-वनस्पती-प्राणी घेतलं की भौतिकशास्त्र आणि गणित सुटतं. भौतिक-रसायन-गणित घेतलं की जीवशास्त्र सुटतं. ओडीच्या कॉलेजांना दोन्ही बाजू हव्या असतात, कारण डोळा हा एकाच वेळी जिवंत अवयवही आहे आणि प्रकाशाचं यंत्रही.

कॉलेजागणिक यादी थोडी बदलते, पण गाभा असा: जीवशास्त्र प्रयोगांसह दोन सत्रं, सामान्य रसायन प्रयोगांसह दोन सत्रं, सेंद्रिय रसायन एक किंवा दोन सत्रं, भौतिकशास्त्र प्रयोगांसह दोन सत्रं, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगांसह, शरीररचना किंवा शरीरक्रिया, कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि इंग्रजी लेखन. शेवटच्या तीन विषयांवर आपल्याकडची मुलं सर्वांत जास्त अडतात, कारण विज्ञान शाखेत संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र कुणी आपणहून घेत नाही, आणि इंग्रजीचा सक्तीचा पेपर ‘इंग्रजी लेखन’ म्हणून धरतील की नाही ते कॉलेजवर असतं.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह अशी रचना आली, ती इथे कामाला येते. मेजर रसायन किंवा प्राणिशास्त्र, मायनर भौतिक, आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये मानसशास्त्र व संख्याशास्त्र असं बसत असेल तर बसवा. तुमच्या कॉलेजात हे विषय खरोखर शिकवले जातात का, हे माहितीपत्रकात वाचून समाधान मानू नका. विभागात जाऊन विचारा. छापलेले सगळे पर्याय दर वर्षी चालतातच असं नाही, पुरेशी मुलं आली नाहीत की वर्ग उघडत नाही.

राहिलेले विषय भरून काढायचे दोन-तीन मार्ग आहेत. चौथं ऑनर्सचं वर्ष करणार असाल तर त्यात काही बसतात. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचे गुणपत्रक देणारे ऑनलाइन कोर्स संख्याशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी लेखन यांसाठी अनेक ठिकाणी चालतात. प्रयोगाचे विषय मात्र ऑनलाइन केले तर पुष्कळ कॉलेजं नाकारतात. नुसतं प्रमाणपत्र देणारे मोफत ऑनलाइन कोर्स या कामाचे नाहीत. त्यांना क्रेडिट आणि ग्रेड असलेलं अधिकृत गुणपत्रक लागतं.

आणि तीन वर्षांची पदवी चालते का? बहुतेक कॉलेजांची किमान अट ९० सेमिस्टर क्रेडिटांची असते, पण बरीचशी प्रवेशावेळी पूर्ण पदवी मागतात. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीची धरायची का, हे परदेशी पदव्या तपासणारी मूल्यमापन संस्था ठरवते, आणि त्यात तुमच्या कॉलेजची नॅक श्रेणी (कॉलेजांची गुणवत्ता तपासणारी राष्ट्रीय संस्था देते ती) आणि तुमचा वर्ग, दोन्ही पाहिलं जाऊ शकतं. म्हणून पहिल्या वर्षाला प्रवेश घेतानाच कॉलेजची नॅक श्रेणी विचारून ठेवा.

यादीवर तर्क करत बसण्यापेक्षा थेट प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. पण ईमेल नेमका हवा. ‘मी भारतातला विद्यार्थी आहे, मला प्रवेश मिळेल का?’ याला छापील उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा: माझ्या विद्यापीठाच्या बी.एस्सी.त दुसऱ्या सत्रात इतक्या क्रेडिटांचा आणि इतक्या प्रयोगतासांचा प्रकाशशास्त्राचा पेपर आहे, अभ्यासक्रमाचं पान जोडलं आहे, तो तुमच्या दुसऱ्या सत्राच्या भौतिकशास्त्राऐवजी धरता येईल का? अशा प्रश्नाला माणूस उत्तर देतो. ते उत्तर जपून ठेवा, पुढे कुणी वेगळं सांगितलं तर दाखवायला तोच पुरावा.

प्रत्यक्ष काम पाहणं: सोलापुरात काय आणि कुठे

प्रवेश समितीला हवं असतं ते हे, की हा व्यवसाय रोज कसा चालतो ते तुम्ही जवळून पाहिलंय. ऑप्टोमेट्रिस्टच्या शेजारी बसून काम पाहण्याला तिकडे शॅडोइंग म्हणतात. किती तास, याचा सर्वांना लागू असा आकडा नाही. काही कॉलेजं स्वतःचा आकडा देतात. आमचं मत विचाराल तर दोन किंवा तीन वेगवेगळ्या ठिकाणी मिळून ४० ते ६० तास हा पाया धरा, आणि ते दोन वर्षांत पसरवा. मे महिन्यात एकाच दुकानात सलग पंधरा दिवस बसून भरलेले तास वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात.

इथे एक घोळ होतो. आपल्याकडे नंबर काढणारे सगळेच ‘डोळ्यांचे डॉक्टर’. अर्जात मात्र तीन माणसं वेगळी ठेवावी लागतात. नेत्रतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर नेत्रविकार शिकलेले, शस्त्रक्रिया करणारे. ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे बी.ऑप्टोम किंवा त्या धर्तीचं शिक्षण घेऊन दृष्टी तपासणारे, चष्मा-लेन्स देणारे, आजार हेरणारे. ऑप्टिशियन म्हणजे चष्मा बसवणारे. नवी पेठेतल्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढून देणारे काका अनुभवाने कितीही पक्के असले तरी त्यांच्याजवळ घालवलेले तास ऑप्टोमेट्रिस्टच्या रकान्यात लिहू नका. ते ऑप्टिशियनच्या रकान्यात लिहा, तिथेही त्यांना किंमत आहे. आधी शिक्षण विचारा, मग रकाना ठरवा.

खासगी नेत्ररुग्णालयांत बहुधा बी.ऑप्टोम झालेली मंडळी रिफ्रॅक्शन करतात, म्हणजे नंबर काढतात. तुमचा मुख्य मुक्काम तिथे. सरकारी यंत्रणेत नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, शाळांतल्या दृष्टितपासण्या आणि मोतीबिंदूची शिबिरं त्यांच्याकडे असतात. आषाढीला पंढरपुरात वारकऱ्यांसाठी आरोग्य शिबिरं लागतात, तिथेही स्वयंसेवक लागतात. परवानगी मागायला जाताना कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांचं किंवा विभागप्रमुखांचं पत्र न्या. दुपारी दोन ते चार जा. सकाळच्या ओपीडीच्या गर्दीत गेलात तर ‘नंतर या’ हेच ऐकाल.

बसायला मिळालं की डोळे उघडे ठेवा. रेटिनोस्कोपी पाहा: अंधाऱ्या खोलीत ऑप्टोमेट्रिस्ट रुग्णापासून हातभर अंतरावर बसून उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरवतात, आतलं प्रतिबिंब पट्टीच्या दिशेनं सरकतंय की उलट ते पाहतात, आणि ते सरकणं थांबेपर्यंत भिंगं बदलतात. अंतर ६७ सेंटिमीटर असेल तर आलेल्या आकड्यातून दीड डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक) वजा करतात. का, ते विचारा. (१ भागिले ०.६७ मीटर, म्हणून दीड.) हा एक हिशोब नीट कळला तर मुलाखतीत भौतिकशास्त्र का लागतं, याचं उत्तर पाठ करावं लागत नाही. तसंच आपल्याकडचं ६/६ म्हणजे तिकडचं २०/२०, आणि ६/१८ म्हणजे २०/६०. अर्जात तिकडची पद्धत वापरा.

सोलापुरात पाहायला मिळतं आणि अमेरिकेतल्या अर्जदाराला सहसा मिळत नाही, असंही काही आहे. विडी वळणाऱ्या बायका चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालं तरी वर्षानुवर्षं बिनचष्म्याच्या काम करतात. पान कापणं, तंबाखू भरणं, दोरा बांधणं, सगळं ४० सेंटिमीटरच्या आत. ४० सेंटिमीटरवर नजर स्थिर करायला डोळ्याला अडीच डायॉप्टरचा जोर लागतो, आणि पन्नाशीच्या आसपास तो स्वतःचा राहिलेला नसतो. साधा जवळचा चष्मा मिळाला की त्या दिवशीच कामात फरक पडतो. यंत्रमागावरच्या कामगाराला तुटलेला धागा दिसतो की नाही, हाही दृष्टीचाच प्रश्न. अशा एका प्रश्नावर नेमकं बोलता येणारा अर्जदार, ‘मला लोकांची सेवा करायची आहे’ म्हणणाऱ्या शंभरांपेक्षा जास्त लक्षात राहतो.

भाषा विसरू नका. घरात तेलुगू किंवा कन्नड, बाहेर मराठी, बाजारात हिंदी हे सोलापूरकराला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की तो अर्जात लिहितच नाही. शिबिरात आजीला तेलुगूतून ‘कधीपासून अंधूक दिसतंय’ विचारलं असेल, तर ते रुग्णसंवादाचं काम आहे. लिहा.

नोंदवही त्याच दिवशी लिहायची. एका ओळीत तारीख, ठिकाणाचा प्रकार, तास, कोणाबरोबर, काय पाहिलं, काय विचारलं. नमुना पाहा: ‘१४ डिसेंबर, नेत्ररुग्णालय, ३ तास, ऑप्टोमेट्रिस्टसोबत, सात वर्षांचा मुलगा, एका डोळ्याला ६/२४, चष्म्यानंही सुधारणा नाही, आळशी डोळा, पट्टी चांगल्या डोळ्यावर का बांधतात ते विचारलं.’ रुग्णाचं नाव, गाव, फोटो काहीही नाही. शिबिरातला रुग्णासोबतचा फोटो अर्जाला जोडलेला किंवा समाजमाध्यमावर टाकलेला दिसला तर तिकडे ते गोपनीयतेचं उल्लंघन समजतात, आणि ते खरंच तसं असतं.

परीक्षा: ओएटी की जीआरई

ओडीची स्वतःची प्रवेश परीक्षा म्हणजे ओएटी. चार भाग: नैसर्गिक विज्ञानं, ज्यात ४० प्रश्न जीवशास्त्राचे, ३० सामान्य रसायनाचे, ३० सेंद्रिय रसायनाचे आणि वेळ ९० मिनिटं, उताऱ्यांवरचं आकलन, भौतिकशास्त्राचे ४० प्रश्न ५० मिनिटांत, आणि गणिताचे ४० प्रश्न ४५ मिनिटांत. गुण २०० ते ४०० च्या मापावर मिळतात, ३०० हा साधारण मध्य. अडचण अशी की ही परीक्षा अमेरिका, तिच्या अखत्यारीतले प्रदेश आणि कॅनडा इथल्या केंद्रांवरच देता येते. भारतात केंद्र नाही. क्लासवाल्यांच्या जाहिराती पाहून ओएटीची जाडजूड पुस्तकं आधी विकत घेऊन बसू नका.

बऱ्याच कॉलेजांना ओएटीऐवजी जीआरई, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाची सर्वसाधारण प्रवेश परीक्षा, चालते, आणि आपल्या विद्यार्थ्यासाठी तोच सरळ मार्ग आहे. कुणाला चालते आणि कुणाला नाही, हे त्या-त्या कॉलेजच्या चालू वर्षाच्या पानावर पाहायचं. गेल्या वर्षीची यादी धरू नका. तिकडे जवळचे नातेवाईक असतील आणि व्हिसा हाती असेल, तरच ओएटीचा विचार करा.

सप्टेंबर २०२३ पासून जीआरई लहान झाली आहे, एकूण १ तास ५८ मिनिटं. एक निबंध ३० मिनिटांचा, भाषेचे २७ प्रश्न, गणिताचे २७. दोन्हींना १३० ते १७० गुण, आणि निकाल पाच वर्षं चालतो. गणित आपल्या मुलांना जड जात नाही. भाषेचा भाग जातो. त्यासाठी शब्दांच्या याद्या घोकण्याचा फायदा मर्यादित आहे. रोज इंग्रजीतला एक लांब वैचारिक लेख वाचून लेखकाचा दावा दोन वाक्यांत लिहायचा, हा सराव सहा महिने चालू ठेवला तर फरक दिसतो, आणि तोच सराव निबंधालाही उपयोगी पडतो.

परीक्षा पुण्याला किंवा हैदराबादला केंद्रावर द्या, हा आमचा स्पष्ट सल्ला. घरून देता येते, पण खोलीत दुसरं कुणी यायचं नाही, कच्च्या कामाला कागद चालत नाही, पुसता येणारा छोटा बोर्ड लागतो, आणि मधेच वीज गेली की पंचाईत. घरूनच द्यायची असेल तर लॅपटॉपबरोबर राउटरलाही इन्व्हर्टरचा आधार हवा; राउटर विसरला जातो. केंद्रावर देणार असाल तर आदल्या रात्री मुक्कामाला जा, सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

इंग्रजीची परीक्षा, टोफेल किंवा आयईएलटीएस, वेगळी. तिचा निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून ती फार लवकर देऊन उपयोग नाही.

कागदपत्रं आणि नावाचा घोळ

अर्ज ऑप्टोमकॅस या सामाईक व्यवस्थेतून जातो. एकच अर्ज भरायचा आणि हव्या त्या कॉलेजांना पाठवायचा. परदेशी शिक्षणाचं विषयवार मूल्यमापन करून घ्यावं लागतं. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी ते वेस या संस्थेकडून करतात. कॉलेजनं मागितलेला प्रकार कोणता, ते पाहूनच पैसे भरा. पदवीपुरतं मूल्यमापन स्वस्त असतं, पण इथे ते चालत नाही. विषयवारच लागतं.

क्रम असा. वेसवर खातं उघडलं की संदर्भ क्रमांक मिळतो. त्यांचा विनंती अर्ज छापून, भरून, गुणपत्रकांच्या प्रती आणि शुल्कासह पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, केगावला, द्यायचा. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांचं अधिकृत गुणपत्रक, विद्यापीठाकडून थेट वेसला जायला हवं. तुमच्या हातून गेलेला, फोडलेला किंवा सही-शिक्का नसलेला लिफाफा बाद होतो. स्वायत्त कॉलेजात शिकत असाल तर गुणपत्रकं कॉलेज देतं आणि पदवी विद्यापीठ. कोणता कागद कुणी पाठवायचा हे दोन्हीकडे विचारा, नाहीतर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. या कामाला महिना-दीड महिना सहज जातो आणि परीक्षांच्या हंगामात त्याहून जास्त.

नावाकडे आत्ताच लक्ष द्या. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या गुणपत्रकावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. तेलुगू आडनावांच्या स्पेलिंगमध्ये तर हा फरक फार दिसतो. अर्ज, जीआरई आणि वेस या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव, अक्षर न् अक्षर तेच. म्हणून सगळ्यांच्या आधी पासपोर्ट काढा, आणि दहावीच्या गुणपत्रकाशी तो जुळत नसेल तर दुरुस्ती पहिल्या वर्षातच करून घ्या. निकाल लागल्यानंतर गॅझेट, प्रतिज्ञापत्र आणि विद्यापीठाची दुरुस्ती एकाच वेळी मागे लागली तर अख्खं वर्ष जातं.

गुणांचं रूपांतर स्वतः करू नका. ६५ टक्क्यांना चारच्या मापात भागून ‘२.६’ लिहिणारी मुलं आपलंच नुकसान करतात. आपल्याकडचा प्रथम वर्ग तिकडच्या टक्केवारीशी थेट जुळत नाही. गुणपत्रकावर जसं आहे तसं भरा, जीपीए, म्हणजे चारच्या मापातली सरासरी, मूल्यमापनात येईल. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी बऱ्याच कॉलेजांत साडेतीनच्या आसपास असते. कॉलेजांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर कॉलेजवार आकडे मिळतात. एखाद्या सत्रात विषय राहिला असेल तर तो लपत नाही. पुढच्या सत्रांतले चढते गुण हेच त्यावरचं उत्तर.

शिफारसपत्रं

एक विज्ञानाच्या प्राध्यापकांचं, एक ऑप्टोमेट्रिस्टचं. तिसरं काम किंवा स्वयंसेवेच्या ठिकाणचं. नातेवाइकांचं चालत नाही, काका स्वतः डोळ्यांचे डॉक्टर असले तरी नाही.

आपल्याकडे एक सवय आहे: सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ नम्रपणे नाही म्हणा. विद्यार्थ्यानं लिहिलेली दोन पत्रं शेजारी ठेवली की एकच हात कळतो, आणि हा प्रामाणिकपणाचा मुद्दा होतो. शिवाय पत्र तुमच्या हाती येतच नाही. ऑप्टोमकॅसवरून सरांच्या ईमेलवर दुवा जातो आणि ते स्वतः भरतात. सरांना मदत करायची ती अशी: एका फाइलमध्ये तुमचं गुणपत्रक, त्यांच्या विषयात केलेला प्रकल्प, नोंदवहीतली दोन-तीन पानं, मुदत, आणि एक पान ज्यावर ‘सर, आपण पाहिलेल्या या गोष्टी’ म्हणून चार प्रसंग. म्हणजे ‘विद्यार्थी हुशार व मेहनती आहे’ या ओळीऐवजी ‘प्रिझमच्या प्रयोगात उत्तर चुकत होतं तेव्हा यानं वर्णपटमापक पुन्हा समतल केला’ अशी ओळ त्यांना सुचते. कॉलेजच्या पत्त्याचा ईमेल असेल तर तोच द्यायला सांगा. दिवाळीच्या सुट्टीत किंवा विद्यापीठाच्या पेपर तपासणीच्या दिवसांत मुदत येईल असं करू नका. दोन महिने आधी भेटा, दर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. सरांना दुवा सापडला नाही तर तो बऱ्याचदा स्पॅममध्ये असतो.

निबंध

मर्यादा ४,५०० अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. म्हणजे इंग्रजीत साधारण सातशे शब्द. विचारलेलं असतं ते असं: हा व्यवसाय का, त्यासाठी काय तयारी केली, पुढे काय करायचंय.

सर्वांत मोठी चूक: ‘खेड्यातल्या गरिबांची मोतीबिंदूची ऑपरेशन्स करून त्यांना दृष्टी द्यायची आहे.’ ऑप्टोमेट्रिस्ट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत नाही. वाचणारा तिथेच थांबतो, कारण अर्जदाराला व्यवसायच कळलेला नाही. मोतीबिंदू वेळेत ओळखणं, योग्य जागी पाठवणं, शस्त्रक्रियेनंतर नंबर काढणं, मधुमेह्याच्या पडद्यावरचे बदल लवकर हेरणं हे ऑप्टोमेट्रिस्टचं काम. तेच लिहा.

दुसरी चूक म्हणजे बालपण. ‘लहानपणी आजीला दिसत नव्हतं’ यानं सुरू होणारे निबंध समितीकडे ढिगानं येतात. आजी खरी असेल तर दोन ओळी द्या आणि नोंदवहीकडे वळा. एकच रुग्ण, एकच तपासणी घ्या. काय दिसलं, काय कळलं नाही, ते नंतर कसं कळून घेतलं हे क्रमानं सांगा. विडी कामगार बाईचं उदाहरण घेत असाल तर कामाचं अंतर, तिचं वय, दिलेला जवळचा नंबर आणि ‘लांबचं बघायला हा चष्मा काढा’ हे तिला कोणत्या भाषेत समजावलं, इतका तपशील पुरे. गरिबीचं वर्णन लांबवू नका, त्या बाईचा मान राहील असं लिहा.

आधी मराठीत विचार उतरवून काढायला हरकत नाही, पण इंग्रजी मसुदा ओळीओळीनं भाषांतर करून करू नका. मसुदा तयार झाला की मोठ्यानं वाचा. जिथे श्वास अडकतो ते वाक्य तोडा. निबंध आपलाच असल्याचं अर्जात लिहून द्यावं लागतं, तेव्हा विकतचा किंवा यंत्रानं लिहिलेला मजकूर देऊ नका. मुलाखतीत त्याच मजकुरावर प्रश्न येतात.

कधी काय, आणि कुठे अर्ज

अर्जाची खिडकी जूनअखेर-जुलैला, आपल्याकडे आषाढीच्या सुमारास उघडते, आणि वर्ग त्याच्या पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू होतात. बहुतेक कॉलेजं आलेले अर्ज येतील तसे वाचतात आणि जागा भरत जातात. शेवटची तारीख मार्चमधली असली तरी मार्चपर्यंत उरलेल्या जागा थोड्या असतात. सप्टेंबरच्या आत अर्ज पूर्ण, म्हणजे पत्रं आणि मूल्यमापनासह पूर्ण, हे ध्येय ठेवा. त्यासाठी जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत, जीआरईची तारीख घेतलेली असावी, एप्रिलच्या आत परीक्षा झालेली असावी आणि वेसचा अर्ज विद्यापीठात पडलेला असावा. शेवटच्या दिवसाची वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची असते: तिकडचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की १०:२९.

कॉलेजं निवडताना मान्यता आधी पाहा. ऑप्टोमेट्री शिक्षणाच्या मान्यता परिषदेची, एसीओईची, नसेल तर यादीतून काढा. सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशांना प्राधान्य असतं, परदेशी विद्यार्थ्याला तिथे जागा कमी. बॉस्टनचं न्यू इंग्लंड, शिकागोचं इलिनॉय, मेम्फिसचं सदर्न अशी स्वतंत्र खासगी कॉलेजं त्या मानानं मोकळी असतात. सहा ते आठ कॉलेजं पुरे. प्रत्येकाचं शुल्क वेगळं आणि पूर्वअटी वेगळ्या, पंधरा ठिकाणी अर्ज केला की एकही नीट होत नाही.

मुलाखत ऑनलाइन असेल तर ती आपल्या संध्याकाळी किंवा रात्री येईल. ‘वैद्यकीय का नाही?’, ‘अमेरिकाच का?’, ‘एखाद्या रुग्णानं तुमचं ऐकलं नाही तर?’ हे प्रश्न ठरलेले. पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं, म्हणून उत्तरं लिहू नका. नोंदवहीतले पाच प्रसंग मनात पक्के ठेवा आणि प्रश्नाला जवळचा प्रसंग सांगा.

पैशाचं घरच्यांशी अर्जाआधी बोला. खासगी कॉलेजांची फी वर्षाला ४०,००० डॉलरच्या पुढे आहे, राहणं-जेवण वेगळं, आणि हे चार वर्षं. तिथल्या केंद्र सरकारची विद्यार्थी कर्जं परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाहीत. आपल्या बँका इतक्या मोठ्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागतात: घर, प्लॉट, ठेवी. शेतजमीन तारण म्हणून अनेक बँका घेत नाहीत, तेव्हा शेतीवर भरवसा ठेवून पुढे जाऊ नका, शाखेत जाऊन लेखी विचारा. पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर एक वर्ष काम करता येतं, त्यापुढचा कामाचा व्हिसा हमखास नसतो. हा धोका कर्जाच्या रकमेसमोर ठेवून बघा, आणि तो झेपणारा नसेल तर बी.ऑप्टोमचा रस्ता तितकाच मानाचा आहे.

प्रवेशाचं पत्र आलं की ठरलेल्या मुदतीत अनामत भरावी लागते, ती सहसा परत मिळत नाही. मग आर्थिक पुराव्यावर कॉलेजकडून आय-२० हा व्हिसासाठीचा कागद येतो, सेविसचं, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं, ३५० डॉलर शुल्क भरायचं, डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची. शेवटच्या सत्राचा निकाल आणि पदवी प्रमाणपत्र वर्ग सुरू होण्याआधी पोचायला लागतं. आपले निकाल लांबतात हे धरून जूनमध्येच परीक्षा विभागाकडे तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्राचा अर्ज कधी घेतात ते विचारून ठेवा, आणि निकाल लांबत असेल तर कॉलेजला त्याच आठवड्यात कळवा. वेळेत कळवलं तर बहुधा मुदत वाढवून मिळते.